शालान्त प्रमाणपत्र आणि जीवनातील यश : औसा तालुक्याच्या संदर्भात

दहावीच्या परीक्षेत एखाद्या विषयात ३५ गुण मिळवून सुटलेला विद्यार्थी आणि त्याच विषयात थोडक्यात अडलेला विद्यार्थी यांच्या बुद्धीत, कष्टाळूपणात किंवा विषयज्ञानात मोठे अंतर असते, असे कोणताही अनुभवी शिक्षक म्हणणार नाही. सवलतीच्या गुणांची सोय केली तरी रेषा कोठेतरी ओढावीच लागते, आणि तिच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखीच मुले उभी असतात. पुढील आयुष्यात या दोघांमध्ये किती अंतर पडते, याचा विचार केल्यावाचून माध्यमिक शिक्षण पुरे करण्याचा आणि जीवनातील यशाचा संबंध काय, हे ठरविता येणार नाही. लातूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या औशाच्या परिसरात या प्रश्नाचे जे उत्तर मिळते, ते इतरत्र मिळालेल्या उत्तराहून बरेच निराळे आहे. त्याची कारणे मुलांच्या गुणावगुणांत शोधण्यापेक्षा या प्रदेशाच्या इतिहासात आणि शासनाच्या नियमांत शोधणे अधिक युक्त होय.

शिक्षणाच्या अर्थशास्त्रात या विषयावर दोन मते प्रसिद्ध आहेत. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांच्या मते शिक्षण ही माणसात गुंतविलेली पुंजी होय. शिकल्याने माणसाची कार्यक्षमता वाढते व तिच्याबरोबर मिळकतही वाढते. उलट मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली असे प्रतिपादन केले की प्रमाणपत्र हा बव्हंशी एक संकेत असतो. उमेदवाराच्या अंगचे गुण मालकाला डोळ्यांनी दिसत नाहीत, म्हणून तो प्रमाणपत्रावरून ते अजमावतो. पहिले मत खरे मानले तर थोडक्यात नापास झालेल्याचे फारसे बिघडू नये, कारण दहा वर्षांची विद्या त्याच्याही पदरी आहेच. दुसरे मत खरे मानले तर त्याचे पुष्कळच बिघडावयास हवे.

याची कसोटी डेमन क्लार्क आणि पाको मार्टोरेल या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील टेक्सास व फ्लोरिडा या राज्यांत घेतली. शाळेच्या अंतिम परीक्षेत काठावर उत्तीर्ण आणि काठावर अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या पुढील काही वर्षांच्या कमाईची त्यांनी तुलना केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, प्रमाणपत्र हाती असण्यानसण्याने त्या कमाईत म्हणण्याजोगा फरक पडत नाही. माणसाची पारख करण्याची इतर साधने तेथील मालकापाशी असतात, असा याचा अर्थ लावता येतो. निष्कर्ष महत्त्वाचा आहे खरा. परंतु तो उचलून मराठवाड्यास लावणे धोक्याचे ठरेल.

कारण येथे प्रमाणपत्राची पारख मालक करीत नाही. ती नियम करतो. डाकघरातील ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवरून होते. तीत वेगळी परीक्षा नाही आणि मुलाखतही नाही. आखाती देशांत मजुरीस जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने दहावी उत्तीर्ण केली असेल, तर १९८३ च्या उत्प्रवासविषयक कायद्याखालील परवानगीची अट त्याच्या पारपत्रावर पडत नाही. तो नापास असेल, तर ती पडते. दोघेही जाणार असतात गवंड्याच्या हाताखालीच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील बहुतेक मागणीच्या व्यवसायांचे प्रवेश दहावीच्या गुणांवर ठरतात, आणि पोलीस शिपाई होण्यास तर आता बारावी लागते. अर्जातील त्या रकान्यात काही लिहिता आले नाही, म्हणजे उमेदवार कसा आहे हे पाहण्याची वेळच येत नाही. तेव्हा टेक्सासमधील नापास मुलगा आणि औशातील नापास मुलगा यांची तुलना करणे व्यर्थ आहे. पहिल्याला दार ढकलून पाहता येते, दुसऱ्याच्या दारास कुलूप असते.

प्रमाणपत्राची किंमत सत्ता ठरविते, ही गोष्ट या भागाने एकदा फार तीव्रतेने अनुभविली आहे. निजामी राजवटीत औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होते; लातूर जिल्हा निराळा झाला तो १९८२ साली. हैदराबाद संस्थानात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच शिक्षणाचे माध्यम होते. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला गणित कठीण वाटण्यापूर्वी गणिताची भाषाच परकी वाटे, आणि शाळेची वाट प्राथमिक वर्गांतच संपे. याच जिल्ह्यात हिप्परगे येथे १९२१ साली निघालेली राष्ट्रीय शाळा हा त्यावरचा एक उतारा होता. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे मुख्याध्यापक म्हणून काम केले. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आता कारभार मराठीत चालू लागला आणि उर्दूतून शिकून मोठ्या कष्टाने परीक्षा दिलेल्यांच्या विद्येचा भाव एकाएकी उतरला. औशासारख्या जुन्या गावात उर्दू ही अनेक घरांची बोलण्याचीही भाषा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या स्थित्यंतराची झळ कोणाकोणास लागली असेल याची कल्पना येते. त्या माणसांचे ज्ञान एका रात्रीत कमी झाले नव्हते. दुसऱ्या बाजूस, नव्या राज्यातील जागांसाठी पुण्या-साताऱ्याकडील शिकलेल्या उमेदवारांशी गाठ पडताच मराठवाड्यातील अल्प शिक्षण उघडे पडले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघाले. तरीही १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्यांचा प्रश्न अग्रभागी होता.

या विवेचनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, व तो वरवरचा नाही. शाळा पुरी न करता थोर झालेल्या माणसांची महाराष्ट्रात वाण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिक झाले नव्हते. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. वसंतदादा पाटील यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. ही उदाहरणे खरी आहेत. पण ती ज्या क्षेत्रांतील आहेत, त्या क्षेत्रांकडे पाहावयास हवे. लोकसंघटन, सहकार आणि राजकारण यांत प्रवेशासाठी दाखला मागत नाहीत. शिवाय ज्या काळात सातवी उत्तीर्ण होणारा खेड्यात विद्वान गणला जाई, त्या काळातील सातवीची तुलना आजच्या सातवीशी करणे हा हिशेबच चुकीचा होय.

मराठवाड्यातील नरहर कुरुंदकर यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आले, आणि तरीही त्यांच्या व्यासंगाविषयी कोणाला शंका नव्हती. तथापि शाळा त्यांनी पुरी केली होती. म्हणूनच नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक म्हणून पाय रोवणे त्यांना शक्य झाले. पीपल्स कॉलेजात अध्यापक आणि पुढे प्राचार्य होण्यासाठी मात्र एवढ्या मोठ्या पंडितासही बी. ए., एम. ए. या पायऱ्या चढाव्या लागल्या. विद्या त्यांच्यापाशी आधीच होती. पदवी नंतर आली, आणि पद पदवीच्याही नंतर आले.

शेतीपुरते पाहिले तर चित्र थोडे निराळे आहे. सोयाबीन, तूर, हरभरा घेणाऱ्या शेतकऱ्याला कोणी गुणपत्रिका विचारीत नाही. त्याला पीकविम्याचा अर्ज, कर्जाचा कागद व सात-बारावरील नोंद वाचून समजणे आवश्यक असते, आणि ते सातवी-आठवीच्या चांगल्या शिक्षणाने साधते. परंतु भावाभावांत वाटून लहान झालेल्या शेतावर घरातील सर्वांचा निर्वाह होत नाही. ज्याला शेतीबाहेर पडावयाचे आहे, त्याच्यापुढे दहावीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

बाहेर पडण्याची ही पायरीही एका जागी स्थिर नाही. जेथे प्रमाणपत्रधारक वाढतात तेथे त्याच कामासाठी वरचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागते. रोनाल्ड डोअर यांनी १९७६ साली या प्रवृत्तीस पदवीचा रोग म्हटले होते. अंगणवाडी मदतनीस होण्यास पूर्वी सातवी आणि सेविका होण्यास दहावी पुरत असे. २०२३ पासून महाराष्ट्रात दोन्ही पदांस किमान बारावीची अट आहे. मदतनीस ही त्याच गावची रहिवासी असावी लागते. मुलांना गोळा करून आणणे, खाऊ शिजविणे, जागा झाडून ठेवणे ही तिची कामे. त्याच गावचा सरपंच जर १९९५ नंतर जन्मलेला असेल, तर २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे त्याला सातवी उत्तीर्ण असणे पुरेसे आहे. त्याआधी जन्मलेल्यास तेवढीही अट नाही.

या चढत्या पायरीचा सर्वांत जड भार पडतो तो मुलींवर. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. ज्या दाखल्यावर पुढचे सारे अवलंबून, तो देणारे नववी व दहावीचे वर्ग त्याच्या कक्षेबाहेर पडतात. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा एसटीच्या किंवा पायवाटेच्या अंतरावर असते, आणि नेमक्या त्याच वयात घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलगा नापास झाला तर त्यास पुन्हा बसवितात; मुलगी नापास झाली तर बहुधा घरी बसवितात. वीस किलोमीटरवरील लातुरात ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले-मुली वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी येऊन राहतात, हे वाचले म्हणजे हे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही असे वाटू लागते.

शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसण्याची वाट खुली आहे. अमेरिकेत अशाच समकक्ष परीक्षेच्या अभ्यासातून जेम्स हेकमन यांनी दाखविले की, ती उत्तीर्ण झालेल्यांची कमाई शाळेत बसून शिकलेल्यांच्या बरोबरीस येत नाही. वर्गात टिकून राहण्याने अंगी जो नेटकेपणा येतो तो परीक्षेत मोजला जात नाही, असे त्यांचे म्हणणे. औसा तालुक्यातील लग्न झालेल्या, मूल कडेवर असलेल्या स्त्रीने हा फॉर्म भरला, तर तिला तो नेटकेपणा नव्याने शिकावा लागेल असे दिसत नाही. तिला अडविणारे विषय सहसा दोनच असतात : इंग्रजी आणि गणित. आणि दहावीचा तो कागद हाती आला तरी, अंगणवाडीतील जागेसाठी अजून दोन वर्षांचा अभ्यास उरलेलाच असतो.