पहिले शील आणि गर्भपाताचा प्रश्न

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपते, मंडळी उठू लागतात, तेव्हा एखादी बहीण हळूच विचारते, "ताई, आपण रोज पंचशील घेतो. मग पोट पाडणं पाप नाही का?" प्रश्न खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये आणि बाईला दटावूही नये.

पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. विनयात तर भिक्खूने गर्भपाताला मदत करणे अतिशय गंभीर दोष मानला आहे. हे लपवण्याचे कारण नाही. पण गृहस्थाने शील कसे समजून घ्यावे, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे. मारण्याची इच्छा वेगळी आणि गरज वेगळी, असा भेद त्यांनी केला. म्हणून आधी कारण विचारावे लागते.

दोन उदाहरणे घ्या. 2012 साली आपल्या मराठवाड्यातच, परळीत, चार मुलींच्या आईचा गर्भपात करताना मृत्यू झाला. गर्भ मुलीचा होता म्हणून तो पाडला जात होता. पुढे 2019 मध्ये डॉक्टर दाम्पत्याला शिक्षा झाली. इथे मुलगी नको ही इच्छाच होती. उलट, एखादीच्या अंगात रक्त नाही, मागचे बाळंतपण जिवावर बेतलेले, किंवा तिच्यावर अत्याचार झालेला. तिचा निर्णय गरजेतून येतो. दोघींना एकाच तराजूत तोलणे अन्याय आहे.

मुळात नको असलेला गर्भ राहूच नये, यासाठी बाबासाहेबांनी पुढाकार घेतला होता. 10 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. पण वरचेवरच्या बाळंतपणांनी बाई खचते, हा त्यामागचा विचार आजही खरा आहे.

कायदा काय सांगतो?

• 1971 चा गर्भपात कायदा 2021 मध्ये सुधारला. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कार, अल्पवयीन मुलगी, वैधव्य, घटस्फोट अशा ठरावीक कारणांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते.
• साधने वापरूनही गर्भ राहिला, तर 20 आठवड्यांपर्यंत तेही कारण धरले जाते. लग्न झालेले असो वा नसो.
• बाई 18 वर्षांवरील असेल तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.
• गर्भाचे लिंग तपासणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

पाळी चुकली की आशाताईंना सांगा, तपासणी लवकर करा. मेडिकलमधून गोळ्या आणून परस्पर घेऊ नका. गर्भ नळीत असेल किंवा रक्तस्राव थांबला नाही, तर जीव जाऊ शकतो. मुदखेडच्या बहिणींना नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय जवळ आहे. भोंदू डॉक्टरच्या दारात जाऊ नका.

आणि घरच्यांनो, निर्णय घेऊन आलेल्या लेकी-सुनेला शीलाचा धाक दाखवू नका. धाकाने ती लपते, आणि लपूनछपून केलेले जिवावर बेतते. मैत्री आणि करुणा हीही धम्माचीच शिकवण आहे.