नवा मासा, नवी गोगलगाय

रत्नागिरीच्या झाडगावातलं सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय तुमच्यातल्या कितीतरी जणींनी पाहिलं असेल. तसे खाऱ्या पाण्यातले मासे घरी पाळायचे, तर गटाचे पैसे बुडतात ते बहुधा पहिल्याच दिवशी.

नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा. बंद पिशवी तिच्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घेऊन टाकीचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाडीचं पाणी त्याहून खूप गोडं होतं. अशा पाण्यातला जीव एकदम खाऱ्यात टाकला तर तो तग धरत नाही. गोगलगायीला हा फरक माशापेक्षा जास्त बाधतो, तिला तासभर तरी द्या. काचेवरचं शेवाळ खाऊन ती आपली घासणी वाचवते, एवढी सवड तिचा हक्कच! बादलीतलं पाणी मात्र टाकीत ओतू नका.

दोन-तीन आठवडे माशावर लक्ष ठेवा. अंगावर पांढरे ठिपके आले तर औषध त्याच टाकीत द्या, गोगलगाय तिथे नको. ठिपक्यांच्या पुष्कळ औषधांत तांबं असतं. त्याने मासा वाचतो, गोगलगाय मरते.

आणि कुणी जाळ्यात आलेला समुद्री घोडा देऊ केला, तर घेऊ नका. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.