‘स्टेप डाउन’ लिहिलं आणि काम हातातून गेलं

लोकलमध्ये उभे असाल, ऑफिसच्या बसमध्ये पेंगत असाल किंवा घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय.

आजचा विषय आहे इंग्लिशमधलं एक छोटंसं क्रियापद: स्टेप डाउन. दोनच शब्द, दोन्ही आपल्याला पाचवीपासून माहीत असलेले. पण या दोन शब्दांनी माझ्या हातातलं काम काढून घेतलं होतं, म्हणून आधी तो किस्सा सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात नोकरी, क्लायंट अमेरिकेतला. पहिल्यांदाच एका रिलीजची पूर्ण जबाबदारी माझ्याकडे आली होती. टीममध्ये माझ्याहून सीनियर लोक असताना ती मला मिळाली, त्यामुळे मी जाम खूश होतो. आणि रिलीजच्या आठ दिवस आधी आईचा फोन आला, बाबांना छातीत दुखतंय, ॲडमिट केलंय. मी बॅग उचलली आणि स्वारगेटला पोचलो. एसटी सुटायच्या आत, एका हाताने मोबाईलवर अमेरिकेतल्या मॅनेजरना मेसेज टाकला: “माय फादर इज इन हॉस्पिटल. आय हॅव टू स्टेप डाउन फ्रॉम द रिलीज.”

मला म्हणायचं होतं, चार दिवस बाजूला होतो, मग येतोच. डोक्यात चित्र होतं डोक्यावरचं ओझं थोडा वेळ खाली ठेवायचं. खाली म्हणजे डाउन. झालं!

त्यांचं उत्तर फार प्रेमळ होतं. वडिलांची काळजी घे, आतापर्यंत केलेल्या कामाबद्दल आभार, बाकीचं आम्ही बघतो. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टीममधल्या मित्राचा फोन: “काय रे, लीड सोडलीस? मला बोलला पण नाहीस!”

मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तसाच उभा. तोपर्यंत सगळ्या टीमला मेल गेला होता, रिलीज दुसऱ्याच्या नावावर झाला होता. चूक त्यांची नव्हती. मी जे लिहिलं होतं, ते त्यांनी बरोबर वाचलं होतं.

आता बघू, मी नेमकं काय लिहिलं होतं.

स्टेप म्हणजे पाऊल टाकणं. तेवढंच. पाऊल कुठे पडतंय ते त्याच्या मागे येणारा छोटा शब्द सांगतो: अप, डाउन, इन, आउट, बॅक, अवे. डाउन म्हणजे वरून खाली. “शी स्टेप्ट डाउन फ्रॉम द लॅडर.” ती शिडीवरून खाली उतरली. इथे खरंच शरीर हललं, पाय खाली आला.

आता शिडीच्या जागी खुर्ची ठेवा. पद, अधिकार, कॅप्टनशिप. ती जागा उंचावर आहे असं आपण मनात धरतो, म्हणून ती सोडणं म्हणजे खाली उतरणं. आणि गंमत म्हणजे मराठीत अगदी हेच आहे! आपण काय म्हणतो? मंत्री पायउतार झाले. पाय आणि उतार. मी लहानपणापासून बातम्यांत हा शब्द ऐकत होतो, पण मेसेज लिहिताना तो आठवला असता तर? “बाबा आजारी आहेत, मी रिलीजवरून पायउतार होतोय.” असं मराठीत कोणी लिहिलं तर आपणही हेच समजणार की याने पद सोडलं.

एक खरं उदाहरण घेऊ. जानेवारी २०२२ मध्ये विराट कोहलीने कसोटीचं कर्णधारपद सोडलं. “कोहली स्टेप्ट डाउन ॲज टेस्ट कॅप्टन.” पण तो कसोटी खेळत राहिला. मे २०२५ मध्ये त्याने कसोटी खेळणंच थांबवलं, तेव्हा शब्द बदलला: “कोहली रिटायर्ड फ्रॉम टेस्ट क्रिकेट.” म्हणजे स्टेप डाउनमध्ये सुटतं ते पद, खेळ सुटेलच असं नाही. जेफ बेझोस २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या सीईओ पदावरून स्टेप डाउन झाले, पण कंपनीत एक्झिक्युटिव्ह चेअर म्हणून राहिले. तेच गणित.

वाक्यात वापरताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, ॲज आणि फ्रॉम. माणूस कोण होता ते सांगायचं असेल तर ॲज: “शी स्टेप्ट डाउन ॲज सेक्रेटरी.” कुठून उतरला ते सांगायचं असेल तर फ्रॉम: “शी स्टेप्ट डाउन फ्रॉम द कमिटी.”

दुसरी, पायउतार माणूस स्वतः होतो. “द कंपनी स्टेप्ट डाउन द मॅनेजर” असं वाक्य होत नाही. कंपनीने काढलं असेल तर “रिमूव्ह्ड” म्हणा. राजीनामा मागितला असेल तर “द मॅनेजर वॉज आस्क्ड टू स्टेप डाउन.” इंजिनीअर मंडळी लगेच हात वर करतील, की अरे, ट्रान्सफॉर्मर तर व्होल्टेज स्टेप डाउन करतो! बरोबर. व्होल्टेजला खाली आणता येतं, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. माणसाला मात्र स्वतःच्या पायाने उतरावं लागतं.

तिसरी, भूतकाळ. लिहिताना शेवटी ईडी, पण उच्चार “स्टेप्ट”. “स्टेपेड” नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नुसतं स्टेप डाउन म्हटलं की समोरचा ते कायमचं समजतो. थोड्या दिवसांपुरतं असेल तर “टेम्पररिली” वेगळं जोडावं लागतं.

मग मला कोणता शब्द हवा होता? स्टेप अवे. जागेपासून थोडं दूर जाणं. “आय नीड टू स्टेप अवे फॉर फोर डेज.” इथे मी पद खाली ठेवत नाही, फक्त चार दिवस तिथे नाहीये. किती दिवस ते मात्र लिहायचंच, कारण नुसतं स्टेप अवेसुद्धा कधीकधी कायमच्या निरोपासाठी वापरतात.

याची बाकी भावंडं पटकन बघू.

स्टेप आउट: जरा बाहेर जाणं. “माय बॉस हॅज स्टेप्ट आउट.” साहेब जरा बाहेर गेलेत, येतील. क्रिकेटमध्ये फलंदाज स्पिनरला क्रीझ सोडून पुढे येतो, तेही स्टेप आउट.

स्टेप बॅक: एक पाऊल मागे. रांगोळी काढून झाली की आपण मागे सरकून पूर्ण नक्षी बघतो ना, तेच. “लेट्स स्टेप बॅक अँड लुक ॲट द होल प्रॉब्लेम.”

स्टेप इन: मध्ये पडणं. दोघांचं भांडण चाललंय आणि आजी मध्ये पडली. “माय ग्रँडमदर स्टेप्ट इन.” बघा, मराठीत पडतो, इंग्लिशमध्ये पाऊल टाकतो.

स्टेप अप: पुढाकार घेणं. “समवन हॅज टू स्टेप अप.” आणि याला कर्मही चालतं: “द पोलीस स्टेप्ट अप सिक्युरिटी.” पोलिसांनी बंदोबस्त वाढवला.

कोडिंग शिकणाऱ्यांसाठी एक बोनस. व्हीएस कोडमध्ये डीबगर चालवलात की एफ ११ म्हणजे स्टेप इनटू, फंक्शनच्या आत शिरा. एफ १० म्हणजे स्टेप ओव्हर, आत न शिरता ती ओळ ओलांडून पुढे जा. शिफ्ट दाबून एफ ११ म्हणजे स्टेप आउट, फंक्शनमधून बाहेर या. मी रोज ही बटणं दाबत होतो, प्रत्येक दिशेचा वेगळा परिणाम डोळ्यांनी बघत होतो. तरी मेसेज लिहिताना दिशा चुकलो!

म्हणून माझी पद्धत सांगतो. यादी पाठ करू नका. उभे राहा आणि खरंच पाऊल टाका. खोलीबाहेर, स्टेप आउट. मागे, स्टेप बॅक. पायरीवरून खाली, स्टेप डाउन. मग स्वतःला विचारा, मला जे सांगायचंय त्यात माझा पाय कुठे पडतोय? उत्तर मिळालं की छोटा शब्द आपोआप सापडतो.

आता पॉज करा आणि तीन वाक्यं मोठ्याने इंग्लिशमध्ये बोला. एक, सोसायटीच्या चेअरमनने पद सोडलं. दोन, मॅडम जरा बाहेर गेल्यात. तीन, भांडण वाढलं तेव्हा शिक्षक मध्ये पडले.

झालं? पहिल्यात डाउन, दुसऱ्यात आउट, तिसऱ्यात इन.

आणि माझ्या रिलीजचं काय? तो गेला. पाचव्या दिवशी परत आलो तेव्हा दुसरा मुलगा ते काम नीट करत होता, त्याच्याकडून ते मागणं मला बरं वाटलं नाही. आठवड्याने मॅनेजरना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते दोन सेकंद गप्प झाले आणि म्हणाले, मला एकदा विचारायला हवं होतं. पुढचा रिलीज माझ्याकडे आला. बाबा आता ठणठणीत आहेत आणि हा किस्सा आल्यागेल्याला माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतात.

घाईत, काळजीत असताना आपण मनातलं चित्र शब्दशः उलथून टाकतो. अशा वेळी कठीण शब्द वापरूच नका. “आय विल बी बॅक ऑन मंडे” एवढं जोडलं असतं, तरी माझं काम वाचलं असतं.

तुमचं असं एखादं क्रियापद असेल, ज्याने तुम्हाला तोंडावर पाडलं, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, पाऊल जपून टाका!