थांबायचं कोणी?

कनेरगाव नाक्यावरून वाशिमकडे निघालं की मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. निजामाच्या काळात इथे कायद्याचीच हद्द बदलत असे. अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. ही हद्द पोकळ नव्हती. निजामाच्या मुलखातल्या रेल्वे स्टेशनवर, रेल्वेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी ब्रिटिश वॉरंटवर केलेली अटक प्रिव्ही कौन्सिलने 1897 मध्ये बेकायदा ठरवली होती. पण दोन न्यायालयं एकाच माणसावर हक्क सांगू लागली तर आधी कोणी थांबायचं, हा प्रश्न त्याने सुटला नाही, आणि त्याची सर्वात मोठी किंमत एका मराठी माणसाने मोजली.

8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात बोटीतून उडी घेतली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ते पकडले गेले आणि पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात आले. ऑक्टोबरमध्ये फ्रान्स आणि ब्रिटन हा वाद हेगच्या लवादाकडे नेण्यास राजी झाले. मुंबईचं विशेष न्यायपीठ मात्र थांबलं नाही. आरोपी कोणत्या मार्गाने हाती आला हे आम्ही पाहणार नाही, अशी भूमिका घेऊन त्याने डिसेंबरात जन्मठेप सुनावली आणि जानेवारीत दुसरी. हेगचा निवाडा आला 24 फेब्रुवारी 1911 रोजी: ताबा देण्यात अनियमितता झाली, तरी कैदी परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. तो वाद दोन राष्ट्रांमधला होता, फौजदारी खटला नव्हता, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण ज्याच्या मुक्कामाचा निर्णय व्हायचा होता त्याच्या शिक्षा आधीच ठरून गेल्या होत्या.

1998 च्या रोम कराराने यावर उपाय शोधला. अनुच्छेद 17 प्रमाणे एखादा देश प्रामाणिकपणे तपास किंवा खटला चालवत असेल, तर या करारातून उभ्या राहिलेल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्यात पडायचं नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण तिच्यात मोठ्याने धाकट्यासाठी थांबायचं आहे. मात्र ती राष्ट्रीय न्यायालयांचा विचार करून लिहिली गेली. अनेक राष्ट्रांनी मिळून उभारलेल्या प्रादेशिक न्यायालयाचं काय? अशी न्यायालयं दुबळीच असतात म्हणावं, तर डाकारमध्ये आफ्रिकन संघाच्या पाठबळाने भरलेल्या विशेष न्यायपीठाने 2016 मध्ये चाडचे माजी अध्यक्ष हिसेन हाब्रे यांना जन्मठेप दिली. त्यांचे गुन्हे 1982 ते 1990 मधले, म्हणजे 2002 पासून पुढचंच पाहणाऱ्या हेगच्या आवाक्याबाहेरचे.

काळजी आहे ती 2014 च्या मलाबो कराराची. आफ्रिकी न्यायालयाला फौजदारी अधिकार देणारा हा करार 15 देशांच्या मंजुरीनंतर लागू होईल. त्यात पदावरच्या राष्ट्रप्रमुखाला संरक्षण आहे; रोम करारात ते नाही. शिवाय मलाबो करार हेगच्या न्यायालयाचं नावच घेत नाही. उद्या दोन्ही करारांना बांधील असलेल्या देशाकडे दोन्ही न्यायालयांनी एकच आरोपी मागितला, तर त्याने कोणाचं ऐकायचं? परस्परविरोधी मागण्यांसाठी असलेला रोम कराराचा अनुच्छेद 90 हेग आणि दुसरा देश यांच्यातल्या ओढाताणीपुरताच आहे.