बोटांचा हिशेब आणि एक शेरा

तर्जनीला १४ टक्के, मधल्या बोटाला १२, अनामिकेला किंवा करंगळीला ७ आणि अंगठ्याला ३०. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कामगाराच्या हाताचा हिशेब असा मांडलेला होता. संपूर्ण बोट गेल्यास कमाईची क्षमता किती घटते, त्याचे हे प्रमाण. प्रशासकीय सेवेत असताना हे आकडे मला पाठ होते. त्यांचा अर्थ मात्र निवृत्तीनंतर, हरियाणातील मानेसरच्या एका भाड्याच्या खोलीत उमगला.

खोलीत बिहारमधून आलेला एक तरुण होता. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यात तो कागदोपत्री ‘हेल्पर’ होता. प्रत्यक्षात पॉवर प्रेस चालवत असे. पत्रा साच्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, तयार भाग काढायचा. हीच क्रिया एका पाळीत हजारो वेळा. हात आत असताना यंत्र थांबवणारा सेन्सर बंद पडल्याचे त्याने सांगितले होते. माल वेळेत गेला पाहिजे, एवढेच उत्तर मिळाले. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले. राज्य विमा योजनेत त्याचे नाव नोंदवले गेले ते अपघाताच्याच दिवशी.

एका हाताची दोन बोटे म्हणजे २० टक्के. वेतन बारा हजार धरले, तर महिना सुमारे दोन हजार रुपये, तहहयात. “साहेब, पैसे येतात,” तो म्हणाला, “पण गावात विचारतात, यंत्रात हात घातलासच कशाला? कागदावरही तेच लिहिलंय.”

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हा शेरा असलेले किती तरी अहवाल माझ्या टेबलावरून पुढे गेले आहेत. निव्वळ निष्काळजीपणामुळे कायदा भरपाई नाकारत नाही, म्हणून तो शेरा मला निरुपद्रवी वाटे. परंतु त्या दोन शब्दांनी चौकशी तिथेच थांबते, हे मी पाहिले नाही. सेन्सर कधीपासून बंद होता, हेल्परला प्रेसवर कोणी बसवले, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही. यंत्र तसेच राहते आणि त्यावर दुसरा तरुण बसतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचे अधिक वैषम्य वाटते. धोकादायक यंत्रांना कुंपण घालावे आणि अपघातांची खबर द्यावी, ही तरतूद भारतात १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यापासून आहे. १९४८ च्या कायद्याने ती अधिक तपशीलवार केली. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, अशी साधी रचनाही जगभर परिचित आहे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून आपल्या ‘क्रश्ड’ या अहवालांतून वाहन उद्योगातील चिरडलेल्या बोटांची नोंद करत आहे. तेव्हा अज्ञानाची सबब उरलेली नाही.

उणीव आहे ती जबाबदारीच्या साखळीत. नामांकित मोटार कंपनी पुरवठादाराकडून भाग घेते, तो धाकट्या पुरवठादाराकडून, आणि शेवटचा कारखाना गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. भागाच्या मापातील केसाएवढी चूक वरपर्यंत पकडली जाते आणि माल परत येतो. मग ज्या प्रेसवर तो भाग घडला तिला गार्ड होता की नाही, याची तपासणी खरेदीच्या करारात का असू नये? गुणवत्तेसाठी जो निरीक्षक तिथवर पोहोचतो, त्याला सुरक्षेसाठी वेगळी वाट शोधावी लागणार नाही.

आणि सरकारने अपघाताच्या अहवालाचा क्रम बदलावा. कोणते बोट गेले, याआधी यंत्राचे सुरक्षा साधन चालू होते का, हे लिहिले जावे. माझ्या सहीचे कागद आता दुरुस्त होणार नाहीत. आज त्या खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याने मात्र सही करण्यापूर्वी एकदा ती प्रेस पाहून यावी.