खेळामागचं गणित : तारा महाग पडला, हे ओळखायचं कसं?

मोठा खेळाडू संघात आला की त्याच दिवशी वाद पेटतो : जास्त मोजले का? एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये ही किंमत बहुधा पैशांत नसतेच. ती खेळाडूंत आणि ‘ड्राफ्ट पिक’मध्ये, म्हणजे नवोदितांची निवड करण्याच्या भावी हक्कात चुकवली जाते.

२०१३ साली ब्रुकलिन नेट्सने बोस्टन सेल्टिक्सकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स घेतले. वयं ३७ आणि ३५! बदल्यात काही खेळाडू, २०१४, २०१६ आणि २०१८चे पहिल्या फेरीतले पिक, शिवाय २०१७मध्ये पिक अदलाबदलीचा हक्क बोस्टनला.

मेख इथेच आहे. ड्राफ्टमध्ये तळाच्या संघांना आधी निवड मिळते. म्हणजे पिक देणं हे आकडा न लिहिता चेकवर सही करण्यासारखं. संघ जितका हरेल तितका आकडा फुगतो. वर, सावरायला हवा असलेला नवा खेळाडूही हातचा जातो.

नेट्सने या जोडीसह प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, एकच मालिका जिंकली. पिअर्स वर्षभरात संघातून गेला, गार्नेट पुढच्या मोसमात. २०१५-१६मध्ये ८२ पैकी ६१ पराभव झाले आणि नेट्सच्या पिकवर बोस्टनने जेलन ब्राउन उचलला. २०१७मध्ये तर अदलाबदलीच्या हक्कामुळे पहिला क्रमांक हाती आला. तो फिलाडेल्फियाला देऊन, बदल्यात त्यांचा पिक आणि वर आणखी एक घेऊन, बोस्टनने जेसन टेटमला निवडलं.

याच गार्नेटसाठी २००७मध्ये बोस्टनने पाच खेळाडू आणि दोन पिक मोजले होते. तेव्हा तो ३१चा होता, आणि २००८मध्ये बोस्टन विजेता ठरला. तो सौदा स्वस्तच म्हणायचा. नेट्सचा मात्र महागच : २०२४चं विजेतेपद बोस्टनने टेटम आणि ब्राउन यांच्याच जोरावर जिंकलं.