ऐन हंगामातली सुट्टी

एस.टी.च्या आगारात 32 वर्षे आणि अंगणवाडीत 27 वर्षे, अशी नोकरी आम्ही दोघांनी केली. एवढ्या काळात रजा घेतली ती लग्नकार्याला, मयताला, मुलांच्या परीक्षेला आणि आजारपणाला. आगारातली उरलेली रजा साठवली आणि विकली. त्या पैशातून मुलीच्या नर्सिंगची फी भरली. याची आम्हांला खंत नाही. पण सहकुटुंब चार दिवस कुठेतरी जाऊन नुसती विश्रांती घ्यावी, ही गोष्ट आमच्या घरात कधी घडली नाही, हेही तितकेच खरे.

ती 2025 च्या ऑगस्टमध्ये घडली, आणि तीही इटलीत, भूमध्य समुद्राच्या काठी.

आमची मुलगी जर्मनीत स्टुटगार्टजवळ एका रुग्णालयात परिचारिका आहे. जावई यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. नातू शाळेत जातो. मुलीचा फोन आला, "आई, बाबा, या वेळी नुसतं घर सांभाळायला येऊ नका. सगळे मिळून आठ दिवस समुद्रावर जाऊ." आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हाच, "एवढा खर्च कशाला?" त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुमच्या विकलेल्या रजेवर मी शिकले. त्यातले आठ दिवस तरी मला परत करू द्या."

यापुढे आम्ही काही बोललो नाही.

आज आपल्यातल्या अनेक घरांतील मुले-मुली परदेशी नोकरीला आहेत. आईवडिलांना बोलावणे येते आणि ते बहुतेक उन्हाळ्यातच येते. म्हणून आम्ही काय ठरवले, कुठे चुकलो आणि काय शिकलो, ते येथे मांडत आहोत.

ऑगस्टच का?

आम्ही सुरुवातीलाच विचारले की एवढ्या गर्दीत आणि महागाईत ऑगस्टमध्येच का जायचे? उत्तर सोपे होते. जर्मनीत प्रत्येक राज्याच्या शाळांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना लागतात. सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. मुलगी राहते त्या राज्यात उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. शाळा बुडवून मुलाला नेता येत नाही. आईबापांना दंड होऊ शकतो. त्यात जावयांचा कारखाना ऑगस्टमध्ये तीन आठवडे बंद असतो. मुलीला रुग्णालयातील रजेचा तक्ता पाहावा लागतो. दोघांच्या रजा जुळल्या त्या ऐन गर्दीच्या पंधरवड्यातच.

इटलीतही तीच तऱ्हा. 15 ऑगस्ट हा आपला स्वातंत्र्यदिन, तर तिथे तो 'फेरागोस्तो' नावाचा मोठा सण. त्याचे मूळ रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात आहे, पुढे त्याच दिवशी मरियमचा सणही आला. त्या आठवड्यात शहरातली दुकाने 'सुट्टीनिमित्त बंद' अशी पाटी लावतात आणि लोक समुद्राकडे धावतात. म्हणून वर्षातला सर्वांत महाग आठवडा तोच. ज्यांच्या घरात शाळेचे मूल नाही, त्यांनी जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर धरावा. समुद्र तोच, गर्दी कमी, दरही उतरलेले. आम्हांला तो मार्ग नव्हता. तेव्हा गर्दी गृहीत धरून बेत आखावा लागला.

एकच गाव धरले

नातवाच्या मनात ग्रीसची बेटे होती. नकाशा पसरून आम्ही बसलो. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचे जोरदार वारे वाहतात. ते वाढले की बोटी बंद राहतात. अथेन्सचे अॅक्रोपोलिस कडक उन्हाच्या दिवसांत दुपारी बंद ठेवावे लागते. 2023 च्या जुलैत ऱ्होड्स बेटावर वणवा लागून हजारो पर्यटकांना हलवावे लागले होते. एकीचा गुडघा दुखरा, दुसऱ्याला रक्तदाब. आम्हांला हे झेपणारे नव्हते.

शेवटी रिमिनी ठरले. हे इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील गाव. समोरचा एड्रियाटिक समुद्र हा भूमध्य समुद्राचाच एक फाटा. येथे 1843 साली पहिले स्नानगृह उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी गाव उद्ध्वस्त झाले. नंतर लोकांनी लहान लहान घरगुती खाणावळी-वसतिगृहे काढली, त्यांना 'पेन्सिओने' म्हणतात. इटलीचे आणि जर्मनीचे कामगार पन्नास-साठच्या दशकापासून मुलाबाळांसह येथे येत आले आहेत. किनारा वाळूचा, पाणी लांबवर उथळ, त्यामुळे लहान मुलांना धास्ती कमी. श्रीमंतांची मिरवण्याची जागा ही नव्हे, हे आम्हांला विशेष आवडले.

अनेक गावे पाहण्याचा मोह आम्ही टाळला. हंगामात दर दोन दिवसांनी मुक्काम हलवला तर निम्मी सुट्टी स्टेशनात आणि रांगेतच जाते.

कागद आधी, कपडे मागून

जर्मनीचा अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा इटलीतही चालतो. ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्याच देशाकडे अर्ज करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा लवकर भरतात, म्हणून आम्ही मार्चमध्येच अर्ज केला. मोठ्या माणसाची फी 2024 च्या जूनपासून 90 युरो आहे. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. मुलीने तिथल्या कार्यालयात जाऊन आमच्या खर्चाची हमी लिहून दिली होती.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची नावे तिथल्या दुकानदाराला कळत नाहीत. आणि नातवासाठी पेढे किंवा तूप नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेऊ देत नाहीत. आम्ही शेंगदाण्याची चटणी नेली, ती पोचली.

हिशेब आणि आमची चूक

फेब्रुवारीतच मुलीने खोल्या ठरवल्या. तीन वेळचे जेवण धरून एकच दर असलेली जागा घेतली. पाच माणसांनी रोज बाहेर जेवायचे म्हटले तर हंगामात खिसा कसा रिकामा होतो ते कळत नाही. बाहेर पदार्थाच्या किमतीखेरीज ताटामागे बैठकीचे पैसेही बिलात येतात. मुक्कामावर दर रात्री नगरपालिकेचा कर असतो, तो वेगळा. समुद्रावरची छत्री-खुर्ची दरात धरली आहे का, खोली थंड ठेवण्याच्या यंत्राचे पैसे वेगळे आहेत का, हे मुलीने लेखी विचारून घेतले.

पण जिने किती, हे विचारायचे राहून गेले! खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. गुडघा धरून पायरी-पायरीने वर गेल्यावर मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. "सगळं विचारलं, तुझा गुडघाच विसरले," म्हणाली. मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर स्वयंपाकघराशेजारची लहान खोली दिली. पहाटेपासून भांड्यांचा आवाज यायचा. पण तो आवाज आम्हांला परका वाटला नाही. म्हातारी माणसे बरोबर असतील तर समुद्र किती दूर हे विचारण्याआधी पायऱ्या किती ते विचारावे.

प्रवास आगगाडीने केला. म्युनिक, ब्रेनर खिंड, बोलोन्या, रिमिनी. निघालो मंगळवारी. शनिवार हा तिथे मुक्काम बदलण्याचा दिवस असतो, त्यामुळे रस्ते आणि गाड्या तुडुंब भरतात. जागा महिनाभर आधी राखून ठेवल्या होत्या. तरीही डब्यात माणसे उभी होती, पोरे बॅगांवर बसलेली होती. आम्हांला दिवाळीतल्या एस.टी.ची आठवण आली.

उन्हाचे वेळापत्रक

विदर्भाच्या उन्हात आयुष्य गेले, तिथले ऊन काय करणार, असा आमचा समज होता. पण वाळू आणि पाणी दोन्हींकडून तिरीप येते आणि वाऱ्यामुळे चटका कळत नाही. पहिल्याच दिवशी जावयांची पाठ भाजली. मग आम्ही आगारासारखे वेळापत्रक लावले. सकाळी 8 ते 11 समुद्र. दुपारी जेवण आणि झोप. संध्याकाळी 5 नंतर पुन्हा बाहेर. डोक्याला टोपी किंवा रुमाल, हातात पाण्याची बाटली. लाल झेंडा लागला की पाण्यात जायचे नाही. अडचणीला 112 हा क्रमांक युरोपीय संघात सगळीकडे चालतो, तो नातवाकडूनही पाठ करून घेतला.

गावात फुकट पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ऑगस्टसची कमान आणि टायबेरियसचा पूल, दोन्ही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. संध्याकाळी तिथवर पायी जात होतो. वाटेत 'पियादिना' खायचो. गव्हाच्या पिठाची ही पोळी तव्यावर भाजतात. काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात, काही ठिकाणी तेल; नको असेल त्याने आधी विचारावे. आम्ही त्यात आमची चटणी भरली. मालकीणबाईंनी एक घास घेतला, पाणी प्यायल्या आणि दुसरा मागितला.

पाण्याचा काठ

रिमिनीचा किनारा क्रमांक दिलेल्या भागांत वाटलेला आहे. प्रत्येक भागात छत्र्यांच्या रांगा. पहिल्या रांगेचा दर जास्त, मागे जावे तसा कमी. नातवाला पहिली रांग हवी होती, आम्ही पाचवी घेतली. तो रुसला. तेव्हा जावयांनी त्याला पाण्याजवळ नेले आणि सांगितले की पाण्यालगतच्या पट्टीवरून ये-जा करायला सर्वांना मोकळीक आहे, तसा इटलीचा कायदाच आहे. छत्री कुणाचीही असो, समुद्रापर्यंत जाण्यापासून कुणालाही अडवता येत नाही.

पाण्याच्या काठावरचा हक्क म्हणजे काय, हे आम्हा दोघांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटेच उठून किनाऱ्यावर जाऊ लागलो. सहाच्या सुमारास समोर पाण्यातून सूर्य वर येई. छत्र्या मिटलेल्या, खुर्च्या रिकाम्या, कुणी पैसे मागणारे नाही. एकीने साडी गुडघ्यापर्यंत धरली, दुसऱ्याने पँट दुमडली आणि आम्ही लांबवर चालत गेलो. पाणी घोट्यापर्यंतच. लग्नाला 38 वर्षे झाली. नुसतेच चालायचे म्हणून चाललो ते तेव्हाच.

15 ऑगस्टला सकाळी नातवाने वाळूत तिरंगा काढला. दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर आम्ही सान मारिनोच्या रस्त्यावरील युद्ध स्मशानभूमीत गेलो. 1944 च्या शरद ऋतूत या भागात मोठी लढाई झाली. तेव्हा पडलेले भारतीय फौजेतील गुरखा आणि इतर जवान तिथे विसावले आहेत. ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी वेगळे स्मारक आहे. तेथून उत्तरेला, याच प्रांतातील सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 रोजी मराठा पलटणीच्या नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून उचलून आणले होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नातवाने विचारले, "आजोबा, हे लोक इथे सुट्टीला आले होते?" आम्ही म्हणालो, "नाही बाळा. त्यांना सुट्टी मिळालीच नाही."

रजेचा हक्क

परतीच्या गाडीत जावयांनी सांगितले की फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा 1936 च्या कायद्याने मिळाली, आणि तीही मोठ्या संपानंतर. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगारांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. इटलीच्या राज्यघटनेच्या 36 व्या कलमात वार्षिक भरपगारी रजेचा हक्क आहे आणि कामगाराला तो सोडून देता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे.

आपल्याकडे 1945 साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, कारखाना कायद्यात भरपगारी सुट्टीची तरतूद झाली. आपल्या राज्यघटनेच्या 43 व्या कलमातही कामगाराला चांगल्या राहणीमानाबरोबर फुरसतही मिळावी, असे उद्दिष्ट राज्यासमोर ठेवले आहे. आमच्या पिढीने हा हक्क पोरांच्या फीसाठी विकला. तसे करणे भाग होते. पण ज्यांच्या घरात आता दोन पगार येतात, त्यांनीही रजा विकतच राहावे काय?

त्यासाठी इटलीलाच गेले पाहिजे असे मुळीच नाही. आम्हांला मुलीमुळे जाता आले. आपल्या कोकणाच्या किनाऱ्यावरही सूर्य आहे, वाळू आहे. मात्र सुट्टी ठरवावी लागते. वर्षाच्या सुरुवातीला रजेचा अर्ज, दर महिन्याला थोडी बचत, एकच गाव, घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या पायाने आखलेला दिवस. आणि निघायच्या आधी पायऱ्या किती, तेवढे विचारून घ्या.